अरेकाची पलंगाकडची बाजू

१

पानाच्या टोकाचा पेरभर भाग तपकिरी झाला होता. कोरडा, कागदासारखा. त्यामागचं पान हिरवंच होतं, आणि तपकिरी व हिरव्याच्या मध्ये दोऱ्याइतकी बारीक पिवळी रेघ होती. ती रेघ आडवी नव्हती. पानाच्या दोन्ही कडांनी ती मागे देठाकडे उतरत गेली होती. मी शेजारचं पान उलटून पाहिलं, मग त्याखालचं. तिथेही तेच.

"देखं का?" आई दारातून म्हणाली. "हाई तिनंच काम शे."

ती म्हणजे रूपा, माझ्या धाकट्या भावाची, भूषणची बायको. आतल्या स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी जळगावला मेहरूणमध्ये राहते आणि वनस्पतींचे रोग शिकवते. आई-नाना धुळ्यात, देवपुरात, भूषणकडे असतात. भूषणचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. त्याने फोनवर सांगितलं होतं, "अक्का, धर्माचं झाड जळतंय. आई म्हणते, रूपा त्यात काहीतरी ओतते. तू येऊन बघ. तू सांगितलंस तर आई ऐकेल."

धर्मा म्हणजे धर्मेंद्र, आमचा शेंडेफळ भाऊ. पहिल्या पगारातून त्याने ही अरेका पामची कुंडी आणली होती. पुढच्या वर्षी महामार्गावर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. तेव्हापासून या झाडाची पानं आई रोज सकाळी स्वतः पुसते.

"रविवारले मी तिना बापले बलायेल शे," आई म्हणाली. "दोंडाईचाले लई जाय म्हनावं तुनी पोरले."

"झाडासाठी?"

"नुसतं झाडकरता नही. नानाले देख."

मी नानांकडे पाहिलं. कुंडीच्या एका बाजूला पश्चिमेची खिडकी होती आणि दुसऱ्या बाजूला नानांचा पलंग. होळीच्या सुमारास मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण वॉकर धरूनही त्यांना एकट्याने उठता येत नव्हतं. त्यातच मे महिना लागला. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आणि मीठ दोन्ही कमी झालंय, क्षार-साखरेच्या पुडीचं पाणी दिवसातून तीनदा पाजा. रूपा ते करून देत होती. तरीही दुसऱ्या तपासणीत मीठ आणखी उतरलेलं निघालं. नाना दिवसाही गुंगीत पडून राहायचे. परवा त्यांनी भूषणला धर्मा म्हणून हाक मारली होती.

"ती पानी देस का नही, कोनले माहीत?" आईचा आवाज चढला. "जी झाडले मारस, ती मानूसले काय जपी?"

नाना डोळे मिटून पडले होते. त्यांचे ओठ फुटले होते.

मी कुंडीवर वाकले. काठावरून मुंग्यांची एक रांग आत मातीत उतरत होती. मी पानांच्या मागच्या बाजू, देठांचे बेचके, सगळं भिंगातून तपासलं. पिठ्या ढेकूण नव्हता, मावा नव्हता, मुंग्यांना ओढणारा त्यांचा गोड चिकटा नव्हता. पानांवर एकही मुंगी नव्हती.

मुंग्या मातीसाठी आल्या होत्या.

२

धुणीभांडी करणाऱ्या बेबाबाईला मी मागच्या दारी गाठलं.

"ताई, माझ्यावर येऊ नका," मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली. "मी कूलरचं पाणी घालते, दुसरं काही नाही."

"कूलरचं?"

"टाकीत तळाला उरतं ते. रोज सकाळी काढते आणि सगळ्या कुंड्यांना वाटून देते. इथे नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, ते फेकू का मी? तुमच्या कॉलेजात फेकायला शिकवत असतील."

आमच्याकडे हे घरोघरी चालतं. कूलरच्या गवतातून पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार टाकीत राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी भरायचं. आठवडाभरात तळाचं पाणी चांगलंच खारट होतं, आणि तेच आपण मायेने झाडांना देतो. अंगणातल्या क्रोटनची, मनीप्लांटची, कुंपणाजवळच्या तुळशीची कुंडी मी पाहिली. तिन्हींच्या बाहेर पांढरे ओघळ होते. क्रोटनची टोकंही थोडी करपली होती. पण थोडीच, आणि सगळ्या बाजूंनी सारखी.

"धर्माच्या झाडाला जास्त घालता का?"

"त्याला तर कमी. तुमच्या आईंची नजर असते ना."

शेजारच्या गिरधरभाऊंनी कुंपणालगतच्या गाजरगवतावर तणनाशक मारलं होतं. मी विचारल्यावर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"माझ्या फवाऱ्याला पाय फुटले का ताई, खिडकीतून उडी मारून आत जायला?"

"वाऱ्याने येऊ शकतं."

"मग आधी तुमच्या तुळशीला लागलं असतं. ती माझ्या कुंपणाला टेकून उभी आहे." ते खिडकीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "सुनेला घालवायचं असलं तर तसं म्हणावं. झाड कशाला मधे आणायचं?"

तुळस धडधाकट होती. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय खिडकीतून विष आलं असतं तर खिडकीकडची पानं आधी गेली असती. उन्हाचा चटका असता तरी तसंच झालं असतं.

मी परत खोलीत गेले आणि यावेळी झाडाभोवती पूर्ण फेरी मारली. खिडकीकडची पानं क्रोटनसारखीच, टोकाला जेमतेम करपलेली होती. जळाली होती ती पलंगाकडची बाजू.

३

रूपाशी मी गच्चीवर बोलले. ती वाळलेले कपडे काढत होती.

"अक्का, सरळ विचारा," ती म्हणाली. "उकळतं पाणी घातलं की फिनाईल?"

"दोन्ही नाही. त्याने झाड दोन-चार दिवसांत बसलं असतं आणि मधला कोवळा कोंबही गेला असता. इथे कोंब हिरवा आहे. जुनी पानं आधी जळालीत, टोकापासून, हळूहळू. कोणीतरी थोडं थोडं, बरेच दिवस घालतंय."

तिने चादरीची घडी पूर्ण केली. ती रसायनशास्त्राची पदवीधर आहे. अमळनेरच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा तिला मिळाली होती. जाहिरात मीच पाठवली होती.

"शाळेला कळवलंस?"

"शाळा उघडायच्या आत कळवायचंय."

"घरात बोललीस?"

"नाना उठून हिंडू लागले की बोलेन, असं ठरवलं होतं. मग म्हटलं, दुसरी तपासणी होऊ दे. आता रविवार होऊ दे." ती हसली. "काहीतरी असतंच."

"नानांना पाणी कसं देतेस?"

"पुडी मोजून पाण्यात कालवते. सकाळी एक ग्लास, दुपारी एक, चार वाजता एक. स्टुलावर ठेवते. नाना म्हणतात, ठेव तठे आन जाय. मी डोक्यावर पदर घेते आणि बाहेर येते. परत जाते तेव्हा ग्लास रिकामा असतो."

"त्यांना पिताना तू पाहिलंयस?"

"सासऱ्यांसमोर उभी राहून?" तिने माझ्याकडे पाहिलं. "या घरात? तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं. घरी साडी, सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर, त्यांच्याशी बोलायचं तर आईच्या मार्फत. नाना खोकले की आमच्या घरातल्या सुना आजही बाजूला होतात. हाड मोडल्यापासून मात्र दुपारच्या वेळी त्यांना धरून उठवायला रूपाशिवाय कोणी नव्हतं. आईचे गुडघे गेलेले, भूषण दुकानात.

"रूपा, त्या कुंडीत काय आहे ते तुला ठाऊक आहे का?"

कपड्यांचा गठ्ठा तिने छातीशी धरला.

"तुम्ही शोधायला आलात ना? शोधा. फक्त सापडलं की सगळ्यांसमोर सांगा. एकट्या भूषणच्या कानात नको."

आणि ती जिना उतरून गेली.

४

क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र मी जळगावहून आणलं होतं. चारही कुंड्यांतली चमचाभर माती घेऊन मी ती सारख्याच शुद्ध पाण्यात ढवळली. क्रोटन, मनीप्लांट, तुळस यांचे आकडे जवळपास सारखे निघाले. बेबाबाईने वाटणी इमानाने केली होती. अरेकाच्या खिडकीकडच्या मातीचा आकडाही त्यांच्या जवळचाच होता.

पलंगाकडच्या मातीचा आकडा त्याच्या अनेक पट होता.

एकाच कुंडीत असं कसं, असं कोणी विचारील. नर्सरीत कुंडी भरगच्च दिसावी म्हणून अरेकाची बरीच रोपं एकत्र लावतात. बाहेरून ते एक झाड दिसतं, पण प्रत्येक रोपाची मुळं वेगळी असतात. ज्या बाजूला ओताल, त्या बाजूची रोपं पितात. पाण्याबरोबर मीठ वर चढतं. पानातून पाणी उडून जातं, मीठ जाऊ शकत नाही. ते टोकाशी आणि कडांशी साचतं आणि तो भाग जाळतं.

म्हणजे मीठ होतं. पण नुसत्या मिठाला मुंग्या लागत नाहीत. मीठ आणि साखर दोन्ही होती, आणि ती पलंगाच्या बाजूने येत होती.

कोण आणि काय, एवढं तर कळलं. का, ते कळत नव्हतं. चव आवडत नाही म्हणावं, तर तसं सांगायला नाना कधी कोणाला भ्यायले नव्हते.

दिवेलागणीला भूषण दुकानातून आला. शर्टही न बदलता तो नानांपाशी बसला आणि त्याने ताकाचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. नानांनी तो एका दमात संपवला. वर आणखी मागितला. तोही संपवला. दिवसभर मी त्यांच्या समोर पाण्याचा तांब्या पाहिला होता. त्याला त्यांनी हातही लावला नव्हता.

"बघ, माझ्या हातचं कसं पितात," भूषण मला म्हणाला. "म्हणून तर आईला संशय येतो."

थोड्या वेळाने नानांनी त्याला खुणावलं. भूषणने त्यांना काखेत धरून उठवलं, वॉकर पुढे सरकवला आणि तो त्यांना मोरीकडे घेऊन गेला. दार लागलं.

मी त्या बंद दाराकडे पाहत राहिले. आता सगळंच कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

५

सकाळी आई देवळात गेली, तेव्हा मी नानांच्या पलंगाच्या कडेला बसले. रूपाने स्टुलावर ठेवलेला ग्लास भरलेला होता.

"नाना, हा आता माझ्यासमोर प्या."

"पेस मी नंतर."

"नंतर हा धर्माच्या झाडात जाईल."

ते छताकडे पाहू लागले. वाटलं, झोपल्याचं सोंग घेतील. मग म्हणाले, "तुले कोनी सांगं? तिनी?"

"झाडाने. ती एक शब्द बोललेली नाही."

"पानी पिधं की मोरीमा जानं पडस." त्यांचा आवाज कोरडा होता. "सुननी कंबरले धरीसन मी मोरीमा जाऊ? ती दारशी उभी राही, आन मी... एक डाव गयतू. ती मान खाले घालीसन उभी व्हती. तवयपासून दिवसना पानी सोडी दिधं."

"भूषणला सांगायचं."

"कितला डाव सांगं. दुपारले येत जाय. म्हने, रूपा शे ना घरमा."

"आणि झाड? ते जळतंय हे दिसत नव्हतं?"

"दिसत व्हतं." त्यांनी तोंड फिरवलं. "रोज दिसत व्हतं. दुसरीकडे हात पुरत नही मना."

मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. ठेवलाही असता. पण मग ते म्हणाले, "रविवारले काही बोलू नको, दिपा. मनी लाज जाई."

"मी बोलले नाही तर रूपाला पाठवून देतील. झाड मारलं आणि सासऱ्याला तहानलेलं ठेवलं, हे नाव घेऊन ती जाईल. आयुष्यभर."

"जाऊ दे मंग," नाना म्हणाले. "तिना बापनं घर काय वाईट शे?"

मी हात मागे घेतला.

६

रविवारी दुपारी रूपाचे वडील बन्सीलालभाऊ आले. धोतर, टोपी, हातात आंब्यांची पिशवी. लेकीचा निकाल ऐकायला ज्या घरी बोलावलं, तिथेही आंबे घेऊन येणारा माणूस. त्यांना नानांच्या खोलीतच खुर्ची दिली. आईने कुंडी पुढे ओढली.

"देखा भाऊ. तुमनी पोरनी करामत."

बन्सीलालभाऊंनी जळालेल्या पानाला बोट लावलं आणि लेकीकडे पाहिलं. रूपा दारात पदर घेऊन उभी होती.

"नाना," मी म्हणाले, "तुम्ही सांगता का?"

नानांनी डोळे मिटून घेतले. मी थांबले.  त्यांना पुरेसा वेळ दिला, असं मला आजही वाटतं.

मग मी सांगितलं. कडांनी उतरलेली रेघ, हिरवा कोंब, एकच जळालेली बाजू, कूलरचं पाणी घातलेल्या मातीचा आकडा आणि त्याच्या कैक पट पलंगाकडचा आकडा, मातीत उतरणाऱ्या मुंग्या. दिवसा न प्यायलेलं पाणी आणि भूषण आल्यावर प्यायलेलं ताक. मोरीचा शब्द मी एकदाच उच्चारला.

"आई, तू विचारत होतीस ना, ती पाणी देते की नाही, कोणाला माहीत? या मातीला माहीत आहे. रूपाने दिलेला दिवसाचा प्रत्येक ग्लास हिच्यात आहे. एकही चुकलेला नाही."

 नानांनी भिंतीकडे कूस वळवायचा प्रयत्न केला. एकट्याने ते जमलं नाही.

"पोरी," बन्सीलालभाऊ म्हणाले, "तुले माहीत व्हतं?"

"मुंग्या लागल्या तेव्हाच."

"मंग बोलनी का नही?"

"नानांची लाज होती. माझ्या तोंडून कशी जाणार बाहेर?" रूपा भूषणकडे पाहत होती. "यांना म्हटलं होतं, दुपारी घरी येत जा, नाहीतर उठवायला-बसवायला एखादा माणूस लावा. संध्याकाळचं ताकही मीच सुरू करायला लावलं. आणि वाट पाहिली. वाटलं, मला चोर ठरवताना तरी नाना बोलतील. आज अक्कांनी विचारलं, तेव्हाही वाटलं."

"दुकान टाकून रोज दुपारी कसं येणार?" भूषण म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला, "तूच सांग अक्का, कसं जमणार?"

आई कुंडीवर वाकून पानं पुसू लागली होती. मला वाटलं, ती रूपाला काहीतरी म्हणेल. तिने मान वर केली ती माझ्याकडे.

"दिपा, झाड वाची का?"

"वाचेल. कुंडीतून भरपूर साधं पाणी सोडून मीठ धुवायचं, वरची माती बदलायची. नवी पानं चांगली येतील."

"आन हाई टोकं?"

"जळालेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, आई."

"राहू दे. जीव वाचना ना, बस." ती पुन्हा पुसू लागली.

भूषणने सुटकेचा श्वास टाकला. त्याने बन्सीलालभाऊंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "चला, मिटलं म्हणायचं. गैरसमज होता, दूर झाला. रूपा, भाऊंना चहा टाक. आणि ते आंबे भिजत घाल."

रूपा आत गेली. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात चहा नव्हता. चार वाजताचा, पुडी कालवलेला ग्लास होता. तो तिने स्टुलावर ठेवला नाही. भूषणच्या हातात दिला.

तिच्या डोक्यावर पदर नव्हता. तो तिने कमरेला खोचला होता. नानांनी ते पाहिलं. आईनेही पाहिलं.

"हा तुम्ही पाजा," ती म्हणाली. "आणि नंतर त्यांना मोरीत तुम्ही न्या. आजपासून रोज."

"आणि तू?"

"मी अमळनेरला रुजू होतेय," रूपा म्हणाली. "तिथेच खोली घेऊन राहणार आहे."